यंत्र कुलपात, रुग्ण रस्त्यावर

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार आणि २०११ च्या जनगणनेनुसार पंचेचाळीस लाखांवर लोकसंख्या. सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, १९५० च्या सुमारास घातला गेला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी तेथे एक साधे सत्य सिद्ध करून दाखविले: जे यंत्र एकट्या शेतकऱ्याला विकत घेता येत नाही, ते हजारो शेतकरी मिळून घेऊ शकतात आणि त्या यंत्रावर मालकीही सांगू शकतात. ज्या जिल्ह्याने ऊस गाळण्याच्या यंत्राबाबत देशाला हा धडा दिला, त्याच जिल्ह्यातील ऊसतोड कामगार अपघातानंतर शासकीय रुग्णालयाच्या खाटेवर येतो, तेव्हा त्याच्या पोटात रक्तस्राव होतो आहे की नाही हे पाहणारे लहानसे यंत्र त्याच्या खाटेपाशी का नसते, हा प्रश्न आज विचारलाच पाहिजे.

हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, त्यात पक्षकार्यकर्त्यांनी पडू नये, असे म्हणणारे भेटतात. परंतु यंत्र कोणाच्या हाती असावे, ते कोठे ठेवावे आणि त्याचा उपयोग कोणास व्हावा, हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे नसून सत्तेचे आणि मालकीचे आहेत. वेल्समधील समाजवादी डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'व्यस्त सेवेचा नियम' मांडला. चांगली वैद्यकीय सेवा जेथे सर्वांत अधिक गरजेची असते तेथे ती सर्वांत कमी मिळते, आणि आरोग्यसेवा बाजाराच्या हवाली जितकी अधिक, तितका हा नियम कठोर, असे त्यांचे प्रतिपादन होते. खाटेपाशी केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीला हा नियम अक्षरशः लागू पडतो.

खाटेपाशी पाहण्याचा अर्थ

सोनोग्राफी म्हटले की सामान्य माणसाला गरोदर स्त्री आठवते. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत हे यंत्र आकाराने लहान होत गेले आणि भूलतज्ज्ञ व अतिदक्षता विभागातील डॉक्टर यांचा तो दुसरा डोळा बनला. पूर्वी मानेतील मोठ्या शिरेत नळी घालताना डॉक्टर हाडांच्या खुणा चाचपून अंदाजाने सुई टोचीत. सुई शेजारच्या रोहिणीत शिरली किंवा फुप्फुसाला लागली तर रुग्णाच्या जिवावर बेते. आज शीर पडद्यावर पाहून सुई घालता येते. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने ही पद्धत वापरण्याची शिफारस २००२ सालीच केली.

फुप्फुसात हवा असते, हवेतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत, म्हणून फुप्फुस सोनोग्राफीने दिसत नाही, असे पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत होती. फ्रान्समधील डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी खाटेपाशी वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखविले की, पडद्यावरच्या ज्या रेघा यंत्राचा दोष म्हणून दुर्लक्षिल्या जात, त्याच फुप्फुसाची अवस्था सांगतात. श्वास घेताना फुप्फुसाचे आवरण सरकते की नाही, यावरून छातीत हवा कोंडल्याचे कळते. उभ्या चकाकत्या रेघांवरून फुप्फुसात पाणी साचल्याचे कळते. २००८ साली त्यांनी धापेने गुदमरणाऱ्या रुग्णाची काही मिनिटांत तपासणी करण्याचा क्रम प्रसिद्ध केला.

हे ज्ञान अहिल्यानगरच्या मातीवर आणून पाहावे. समजा, गळीत हंगामात रात्री ऊस वाहणारी ट्रॉली उलटली आणि पाथर्डीकडचा एक कामगार तिच्याखाली सापडला. तो ग्रामीण रुग्णालयात येतो तेव्हा डॉक्टरांपुढे तीन प्रश्न असतात. पोटात रक्त साचते आहे काय? छातीत हवा कोंडली आहे काय? आणि तातडीने शस्त्रक्रिया करावयाची तर जठर रिकामे आहे काय? पोट भरलेल्या माणसाला भूल दिली आणि जठरातील अन्न उलटून फुप्फुसात गेले, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण दगावतो. या तिन्ही प्रश्नांवर उजेड एकच यंत्र, खाट न हलविता, पाच-दहा मिनिटांत टाकू शकते. हात चिरडलेला असेल तर त्याच यंत्राने खांद्याजवळच्या मज्जातंतूंचा जुडगा शोधून केवळ तो हात बधिर करता येतो. पूर्ण भूल देण्याचा धोका टळतो. हे यंत्र नसेल तर रुग्णाला 'पुढे पाठवा' असा शेरा मिळतो. अकोल्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक वाट. ज्या रुग्णाचे पोट रक्ताने भरत चालले आहे, त्याच्यासाठी ही वाटच प्राणघातक ठरते.

विसरलेला धडा

करोनाच्या साथीने हा सारा व्यवहार उघडा पाडला. २०२० आणि २०२१ साली छातीच्या सीटी स्कॅनचा 'स्कोअर' हा शब्द खेड्यापाड्यात पोहोचला. धाप लागलेला माणूस प्राणवायू सोडून स्कॅन केंद्राच्या दारात रांगेला उभा राहिला. लूट इतकी वाढली की महाराष्ट्र शासनाला सप्टेंबर २०२० मध्ये या स्कॅनचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपयांवर बांधून द्यावे लागले. दर बांधले हे योग्यच झाले. परंतु साऱ्याच रुग्णांना स्कॅन केंद्रापर्यंत नेण्याची खरोखर गरज होती काय, हा प्रश्न कोणी विचारला? अतिदक्षतेतील रुग्णाच्या फुप्फुसाची प्रकृती सुधारते की बिघडते, हे जगभर अनेक ठिकाणी डॉक्टर खाटेपाशीच सोनोग्राफीने पाहात होते. सीटी स्कॅनची जागा ती सर्वस्वी घेऊ शकत नाही. पण रोज रुग्ण हलविण्याची गरज ती पुष्कळच कमी करते. खाटेपाशी होणाऱ्या तपासणीत मात्र प्रत्येक वेळी वेगळी पावती फाडता येत नाही. ज्या तंत्रात नफा कमी, ते तंत्र बाजार आपण होऊन पसरवीत नाही. अर्थशास्त्राचा हा पहिला पाठ आहे. रुग्णाला स्वतःच्या आजाराचे ज्ञान नसते, म्हणून वैद्यकीय सेवा ही इतर मालासारखी बाजारावर सोडता येत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते, आणि ॲरो काही समाजवादी प्रचारक नव्हते!

दुसरा धडा अधिक दारुण आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा करोनारुग्णांचा बळी गेला. निलंबनाची व अटकेची कारवाई रुग्णालयातील अधिकारी, डॉक्टर आणि परिचारिका यांच्यावर झाली. धोरण आखणाऱ्यांच्या वाट्याला ती आली नाही. साथीच्या घाईत खाटा मांडल्या, यंत्रे जोडली आणि त्या खोलीला अतिदक्षता विभाग असे नाव दिले, म्हणजे अतिदक्षता निर्माण होत नाही. तिला सुरक्षित इमारत लागते, प्रशिक्षित माणसे लागतात आणि यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ लागतो. म्हणून येथे केवळ यंत्रखरेदीची मागणी केली जात आहे, असे कोणी समजू नये. खरेदी तर सत्ताधाऱ्यांना नेहमीच प्रिय असते. तिला उद्‌घाटन असते आणि फीतही असते. पगार, प्रशिक्षण आणि देखभाल यांना फीत नसते.

कायद्याची सबब

शासकीय रुग्णालयात सोनोग्राफीचे यंत्र मुळीच नसते असे नाही. अनेक ठिकाणी ते असते, पण एका खोलीत, कुलपात. क्ष-किरण तज्ज्ञ ठराविक वारी येतात, तेव्हा कुलूप निघते. यंत्र खाटेपाशी न्यावे असे सुचविले की उत्तर ठरलेले: कायदा आहे. हा कायदा म्हणजे गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा १९९४ चा केंद्रीय कायदा, जो २००३ साली अधिक कडक झाला.

या कायद्याविषयी बोलताना समाजवादी कार्यकर्त्याने शब्द जपून वापरले पाहिजेत, कारण तो कायदा कोणा नोकरशहाच्या लहरीतून आलेला नाही. १९८० च्या दशकात स्त्री-संघटनांनी आणि विज्ञान चळवळीतील कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात लढा दिला, म्हणून १९८८ साली देशातील असा पहिला कायदा या राज्याने केला. केंद्राचा कायदा कागदावरच राहतो असे दिसल्यावर सेहत व मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. या लढ्याची गरज काल होती आणि आजही आहे. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण राज्यात २००१ मध्ये ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ वर आले. अहिल्यानगर जिल्ह्याचा आकडा दोन्ही वेळा राज्याच्याही खाली होता. सधन, बागायती, शिकलेला म्हणविणाऱ्या या भागाने आपल्या लेकी मोजणीतून वगळल्या, ही लाज साखरेच्या गोडीने पुसली जाणार नाही.

परंतु कायदा खरोखर काय म्हणतो? या कायद्याखालील नियमांत २०१२ साली हलत्या यंत्रांविषयी तरतूद करण्यात आली. हलवता येणारे यंत्र दोन परिस्थितींत वापरण्याची मुभा तिने दिली: नोंदणी झालेल्या आवारात, तेथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी; आणि इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. म्हणजे अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णाच्या खाटेपाशी नोंदणीकृत यंत्र नेणे हा गुन्हा नाही; कायद्याने ते स्पष्टपणे गृहीत धरले आहे. यंत्र कोण चालविणार याची पात्रता व नोंदणी ठरवून घ्यावी लागते, हे खरे. ते काम प्रशासनाचे आहे. जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख, जिल्हा शल्यचिकित्सक, हेच महाराष्ट्रात या कायद्याखालील जिल्ह्याचे समुचित प्राधिकारी. नोंदणी देणारा अधिकारी आणि रुग्णालय चालविणारा अधिकारी एकच असताना कायद्याने हात बांधले आहेत असे म्हणणे, म्हणजे स्वतःच्याच एका हाताने दुसरा हात धरून ठेवण्यासारखे आहे. यंत्र बाहेर काढले आणि नोंदीत चूक झाली तर चौकशी होईल. कुलपात ठेवले आणि रुग्ण वाटेत दगावला तर कोणी विचारणार नाही. ही नोकरशाहीची हिशेबी सावधगिरी आहे. तिला कायद्याचे नाव देणे हा कायद्याचाच अपमान होय.

खाजगी व्यवसायातील एका वर्गाचा कावा याहून वेगळा. भूलतज्ज्ञांची अडचण पुढे करून हा वर्ग सारा कायदाच सैल करू पाहतो. नोंदी ठेवण्यातील चुका म्हणजे निव्वळ कारकुनी चुका, त्यांना शिक्षा नको, असा युक्तिवाद स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात केला आणि न्यायालयाने तो मे २०१९ मध्ये फेटाळला. ते योग्यच झाले. नोंद हाच या गुन्ह्याचा बहुधा एकमेव पुरावा असतो. अतिदक्षतेतील रुग्णाच्या आडून गर्भलिंगनिदानाच्या धंद्याला वाट करून देण्याचा प्रयत्न समाजवाद्यांनी ठामपणे हाणून पाडला पाहिजे. भूलतज्ज्ञाचे काम आहे त्या कायद्यात बसते. त्यासाठी कायदा मोडून ठेवण्याचे कारण नाही.

चळवळीतील शंका

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र शत्रूचा नाही, तो चळवळीतील जुन्या सहकाऱ्यांचा आहे. ते म्हणतात: प्रत्येक नवा हात म्हणजे नवी पळवाट. आज अतिदक्षतेच्या नावाने यंत्र बाहेर पडेल, उद्या ते प्रसूतिकक्षात जाईल आणि परवा गाडीत घालून वाडीवस्तीवर. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळीचे २०१२ मधील प्रकरण ज्यांनी पाहिले, त्यांना ही भीती वाटणे स्वाभाविक आहे.

या भीतीला उत्तर दिलेच पाहिजे. पहिली गोष्ट, गर्भलिंगनिदानाचा धंदा यंत्राच्या अभावामुळे कधीच थांबला नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे, त्याला यंत्र मिळते. कुलपामुळे अडतो तो शासकीय रुग्णालयातील, पैसे नसलेला रुग्ण. आणि त्यात बाळंतपणातील रक्तस्रावाने मरणपंथाला लागलेली स्त्रीही आली. स्त्रीजन्माच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याचे नाव सांगून स्त्रीलाच उपचारावाचून ठेवणे, हा त्या लढ्याचा विजय कसा म्हणावा? दुसरी गोष्ट, यंत्रही एकाच जातीचे नसते. शिरा आणि मज्जातंतू पाहण्याचा प्रोब उथळ पाहतो. खोल उदराची पाहणी हे त्याचे काम नव्हे. प्रारंभी खालच्या स्तरावर तेवढाच प्रोब द्यावा आणि हृदय व पोट पाहण्याचा प्रोब अतिदक्षता विभागाच्या नोंदणीत बांधावा. उथळ प्रोब हे काही अभेद्य कुलूप नव्हे. पण पूर्ण कुलूप आणि पूर्ण मोकळीक यांच्यामध्ये पुष्कळ पायऱ्या आहेत, एवढे त्यावरून कळते. तिसरी गोष्ट, प्रत्येक तपासणीचे चित्र वेळेसह यंत्रात साठविता येते. खोट्या नोंदी लिहिता येतात. साठविलेली चित्रे आणि नोंदवही यांचा मेळ रोज खोटा घालणे फार कठीण.

ज्ञान वाटले की त्याचा गैरवापर होईल, हा युक्तिवाद जुना आहे, आणि तो बहुधा ज्ञानाची मक्तेदारी असलेल्यांनीच केलेला असतो. त्याचे उत्तर याच जिल्ह्यातील जामखेडने दिले आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील अल्पशिक्षित, पुष्कळदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले आणि गावाच्या आरोग्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जगाने त्याची दखल घेतली. ज्या जिल्ह्यात निरक्षर स्त्री आरोग्यसेविका होऊ शकली, तेथे पदव्युत्तर भूलतज्ज्ञाच्या हाती सोनोग्राफीचा प्रोब देण्यास सरकार का कचरते?

छायाचित्र: साधन आणि सापळा

खाटेपाशी आणखी एक डोळा आला आहे, खिशातील फोनचा. तालुक्याचा तरुण डॉक्टर हृदयालेखाचे किंवा क्ष-किरण फिल्मचे छायाचित्र शहरातील तज्ज्ञाला पाठवितो आणि सल्ला घेतो. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी अशा देवाणघेवाणीला चौकट दिली. गरीब रुग्णाला तज्ज्ञ मिळण्याचा तो कित्येकदा एकमेव मार्ग असतो. त्याला विरोध करणे हा शहाणपणा नव्हे.

परंतु भुलेखालचा माणूस हा सर्वांत निःशस्त्र नागरिक असतो. तो नको म्हणू शकत नाही, पांघरूण ओढू शकत नाही, कोण पाहते आहे हेही त्याला कळत नाही. त्याच्या उघड्या देहाचे, तोंडातील नळीचे छायाचित्र डॉक्टरच्या खाजगी फोनमध्ये राहावे, तेथून गटागटांत फिरावे आणि कधी रुग्णालयाच्या जाहिरातीत झळकावे, हा कोणता न्याय? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो काय केवळ बंगल्यात राहणाऱ्यांसाठी? शुद्धीवर असताना रुग्णाची, नसल्यास नातलगांची, संमती. चेहरा व ओळख वगळून घेतलेले चित्र. आणि खाजगी फोनऐवजी रुग्णालयाचे स्वतःचे साधन, एवढ्या तीन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ साधेल. चित्र रुग्णाच्या उपचारासाठी असते. त्याचा दुसरा उपयोग करावयाचा तर त्याला विचारलेच पाहिजे.

काय मागावयाचे

पैसा नाही, असे सांगितले जाईल. अशा यंत्राची किंमत काही लाखांत असते. एका सरकारी मोटारीच्या जवळपास. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग २०२० पर्यंत आरोग्यावर खर्चावा असे म्हटले. महाराष्ट्रासारखे श्रीमंत म्हणविणारे राज्य त्या मुदतीत त्या आकड्याच्या जवळही पोहोचले नाही. जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली ती खाजगी न्यासांची. सहकारातून निर्माण झालेले भांडवल आणि वजन खाजगी शिक्षणसंस्थांकडे वळले. सार्वजनिक रुग्णालय मात्र अनाथ राहिले. हा मार्ग नियतीने ठरविलेला नव्हता, तो सत्ताधाऱ्यांनी निवडलेला होता.

म्हणून तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांनी रुग्णालयांच्या दारात जाऊन मोजके प्रश्न विचारावेत. येथे मंजूर भूलतज्ज्ञांची पदे किती आणि भरलेली किती? सोनोग्राफीचे यंत्र आहे काय, आणि आठवड्यातून किती तास ते कुलपाबाहेर असते? २०१२ च्या नियमाखाली दाखल रुग्णांसाठी हलत्या यंत्राची नोंदणी मागितली काय. नसेल तर का नाही? यंत्राच्या देखभालीचा करार कोणाशी आणि कोणत्या मुदतीचा? ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. उत्तरे आली की ती गावसभेत वाचावीत, आणि त्या सभेला स्त्री-संघटनांनाही बोलवावे. यंत्र खाटेपाशी आणण्याची मागणी आणि गर्भलिंगनिदानावरील पहारा ही दोन्ही कामे एकाच व्यासपीठावरून झाली, तरच कुलूपवाल्यांना आणि धंदेवाल्यांना एकाच वेळी तोंड देता येईल.

प्रवरेकाठच्या शेतकऱ्याने पाऊणशे वर्षांपूर्वी सावकाराला विचारले होते, यंत्र आमच्या मालकीचे का नसावे? आज तोच प्रश्न त्याच्या शेतात राबणाऱ्या ऊसतोड्याने रुग्णालयाच्या खाटेवरून विचारावयाचा आहे. त्याला बोलता येत नसेल तेव्हा तो विचारण्याचे काम कार्यकर्त्याचे आहे.